नफ्याच्या वहीतला राहिलेला रकाना
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या फराळ विभागाचा हिशेब मघाशी वाचला गेला. नफा ऐकून साऱ्यांनी टाळ्या वाजविल्या, मीही वाजविल्या. परंतु त्या वहीत एक रकाना राहून गेला आहे. आपण गावाला किती कचरा दिला, त्याचा!

कारखान्यांच्या धुराविषयी आपण तावातावाने बोलतो. पण एका परीने आपणही कारखानदारच आहोत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा नाले तुंबण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांचाही हात होता. २०१८ साली महाराष्ट्रात पिशव्यांवर बंदी आली. आपली चिवड्याची पाकिटे कायद्यात बसतही असतील. पण नाल्याला कायदा कळत नाही. ती पाकिटे मीच खरेदी करीत असे, म्हणून पहिला दोष माझा.

मग करावे काय? नेहमीच्या गिऱ्हाइकांना अनामत घेऊन डबे द्यावेत. मुंबईचे डबेवाले शंभराहून अधिक वर्षे रिकामे डबे परत पोचवीत आलेच आहेत ना? तळणीचे उरलेले तेल मोरीत न ओतता जैवइंधन करणाऱ्यांना द्यावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली तशी योजनाच काढली.

डब्यांपायी यंदा नफा घटेल. घटू द्या! आपला केर शेजारणीच्या दारात लोटून मिळविलेली स्वच्छता कसली?

पुढील वर्षी वहीत तो रकाना असावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.