कान आणि डोळा

युद्धात शत्रूचा ठाव घेण्याची दोन प्रभावी साधने विसाव्या शतकाने सेनापतीच्या हाती दिली. एक कान व दुसरे डोळा. शत्रूचे बिनतारी संदेश टिपून त्यांची सांकेतिक भाषा उलगडणे हे कानाचे काम. विमानातून किंवा उपग्रहातून घेतलेली छायाचित्रे बारकाईने वाचणे हे डोळ्याचे. काही हालचाल चालली आहे हे कानाला कळते, पण ती वस्तू कशी आहे हे त्याला दिसत नाही. डोळ्याला वस्तू दिसते, पण तिचे प्रयोजन उमगत नाही. दोघांची साक्ष जुळली की बाँबफेक्या विमानांना लक्ष्य मिळते.

याचे ठळक उदाहरण दुसऱ्या महायुद्धात घडले. जर्मनी नवे अस्त्र सिद्ध करीत असल्याच्या वार्ता 1943 साली लंडनला पोहोचत होत्या. ब्रिटिश हवाई खात्यातील शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांनी तर्क केला की, या अस्त्राची चाचणी बाल्टिक समुद्रावर होत असेल, तर त्याचा मार्ग रडारने मोजावा लागेल; आणि ते काम जर्मन हवाई दलाच्या एका प्रयोगनिपुण संदेशवाहक पथकाकडेच येईल. त्या पथकाच्या संदेशांवर पाळत ठेवण्यात आली. तर्क खरा ठरला. संदेशांतील आकड्यांवरून अस्त्राचा वेग व पल्ला कळू लागला आणि ते पेनेम्युंडच्या परिसरातून उडते हेही उघड झाले. परंतु ते दिसते कसे, हे कान सांगू शकत नव्हता.

ते सांगितले मेडमनहॅम येथील छायाचित्र-वाचन केंद्राने. 28 नोव्हेंबर 1943 रोजी घेतलेल्या छायाचित्रांत कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या महिला अधिकाऱ्यांना पेनेम्युंडच्या किनाऱ्याजवळील एका चढत्या फलाटावर क्रुसाच्या आकाराचे इवलेसे विमान आढळले. तोच उडता बाँब! उत्तर फ्रान्समध्ये 90 हून अधिक ठिकाणी चाललेल्या गूढ बांधकामांचा अर्थ आता लागला. डिसेंबरपासून त्यांवर जोराचा बाँबवर्षाव झाला. जर्मनांना नवे, साधे तळ उभारावे लागले, आणि लंडनवर पहिला उडता बाँब पडला तो 13 जून 1944 रोजी, नॉर्मंडीत दोस्तांच्या फौजा उतरल्यानंतर आठवड्याने.

एवढे ऐकून, दोन साक्षी जुळल्या की निवाडा निर्दोष झाला, असे कोणास वाटेल. आखाती युद्धातील एका घटनेने हा समज खोटा ठरविला. बगदादच्या अमिरिया भागातील एक भक्कम इमारत लष्करी नियंत्रणकेंद्र आहे, असा निष्कर्ष अमेरिकी अधिकाऱ्यांनी काढला होता. छपरावरील फसवे रंगकाम, कुंपण व लष्करी वाहने डोळ्याने पाहिली होती. संदेशांची ये-जा कानाने ऐकली होती, असे त्यांचे म्हणणे होते. 13 फेब्रुवारी 1991 रोजी पहाटेपूर्वी तीवर दोन बाँब अचूक पडले. आत चारशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया व मुले पुष्कळ होती. हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी ती रात्री तेथे आश्रयाला येत असत.

बाँबचा नेम चुकला नव्हता. चुकला तो प्रश्न. ‘येथे शत्रूचे काय आहे?’ एवढेच कानाला व डोळ्याला विचारले गेले. ‘रात्री येथे कोण झोपते?’ हा प्रश्न निर्णयापर्यंत पोहोचलाच नाही. साक्षीदार विचारले तेवढेच सांगतो, हे न्यायासनापुढे बसणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते. जोन्स यांनी आपला तर्क प्रथम कसोटीस लावला आणि मगच त्यावर विश्वास ठेवला. लक्ष्य सापडल्यानंतर, ते खोटे ठरविणारा पुरावा शोधण्याचीही तितकीच निकड असते.

पूर्वी कान व डोळा यांची साक्ष जुळविण्यास महिने लागत. आता संगणक ती क्षणांत जुळवितो. वेळ वाचला, ही सोय खरी. पण शंका घेण्यास लागणारा अवधीही त्याबरोबर आटत चालला आहे. यंत्राने बोट दाखविले तरी, त्या छपराखाली आणखी कोण आहे हे विचारण्याचे दायित्व माणसाचेच राहते.