दात सरकविण्याची घाई
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



वधू-वर मेळाव्याच्या दिवशी दातांविषयी बोलावयास आम्ही उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही काही दंतवैद्य नाही. हयात खडू-फळ्यापाशी गेली. परंतु गतवर्षी आमच्या पुतणीचे दात तारेने सरळ करावयास घेतले. दंतवैद्यांनी दीड-दोन वर्षांची मुदत सांगितली. आमचे बंधू म्हणाले, "लग्न सहा महिन्यांवर आले! दात लवकर सरकविण्याचे इंजेक्शन निघाले आहे म्हणतात, ते द्या." दंतवैद्यांनी नकार दिला. बंधू दुसरा दंतवैद्य शोधू लागले. आम्ही मात्र नकाराचे कारण समजून घेतले.

दात हाडात खिळ्याप्रमाणे ठोकलेला नसतो. मूळ व हाड यांमध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेचा दाब पडला की त्या बाजूचे हाड विशिष्ट पेशी विरघळवितात व मागल्या बाजूस नवे हाड भरत येते. अशा रीतीने दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. या पेशींना चेतविणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य दाबाखाली शरीर स्वतःच निर्माण करते. मग तेच हिरडीत टोचले तर? जपानमधील यामासाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर व पुढे रुग्णांवर हा प्रयोग केला. रुग्णांवरील प्रयोगाचा वृत्तांत १९८४ साली प्रसिद्ध झाला. दात अधिक वेगाने सरकले होते. १९८८ साली कॉलिन्स व सिंक्लेअर यांना ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप टोचून मांजरांत तसाच गुण आढळला. कल्पना बुद्धीची, यात शंका नाही.

परंतु प्रोस्टाग्लँडिन शरीरात फार वेळ टिकत नाही. म्हणून पुनःपुन्हा टोचावे लागते, आणि ते दुखते. शिवाय उंदरांवरील प्रयोगांत मात्रा व टोचण्या वाढविल्या तशी दातांची मुळेही अधिक झिजली. झिजून आखूड झालेले मूळ पुन्हा वाढत नाही. रिलॅक्सिन नावाचे दुसरे द्रव्य माणसांत टोचून पाहिले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नुसते औषधहीन पाणी टोचलेल्यांहून काही फरक दिसला नाही. रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणू टोचण्याचे प्रयोगही झाले आहेत; त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

आता घाई कोणाची, हे पाहू. आपल्या मंडळाच्या परिचयपत्रकात 'वर्ण' व 'बांधा' असे रकाने आहेत. दातांचा रकाना नाही एवढेच. बघावयास आलेली मंडळी तो मनातल्या मनात भरतात. मुलीच्या दातांची मुळे पणास लावावयास बाप तयार होतो, तो हौसेने नव्हे. बंधूंना आम्ही दोष देत नाही.

पुतणीला मात्र कोणी विचारले नव्हते. आम्ही विचारले. ती म्हणाली, "काका, मी तारेसकट उभी राहीन. त्यांना चालत नसेल तर आताच कळू दे."

विवाह ठरल्या मुहूर्तावर झाला. फोटोंत ती तोंड मिटून नव्हे, हसून उभी आहे, आणि तार स्पष्ट दिसते. विहीणबाईंनी एवढेच विचारले, की लाडू खाता येईल ना? तो मात्र फोडून द्यावा लागला.