घोंगडी ऊब देते काय?



थंडीत घोंगडी ऊब देते, असे प्रत्येक मूल म्हणते. हे खरे किंवा कसे, याचा निर्णय शिक्षकाने सांगून टाकू नये. तो मुलांनी प्रयोगाने करावा.

प्रथम प्रयोगशाळेतील तापमापक घोंगडीच्या घडीत तासभर ठेवावा. तो खोलीतील हवेइतकेच तपमान दाखवितो. म्हणजे घोंगडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. मग ती करते तरी काय?

यासाठी एकसारखे, झाकणाचे चार डबे घ्यावेत. एक नुसताच ठेवावा. उरलेल्या तिघांस अनुक्रमे सुती कापड, घोंगडीचा तुकडा व वर्तमानपत्राचा कागद बोटभर जाडीचा गुंडाळावा. प्रत्येकात सारखेच मोजून, ६० अंश सेल्सिअस तपमानाचे पाणी शिक्षकाने स्वतः ओतावे व झाकण लावावे. दर पाच मिनिटांनी, अर्धा तासपर्यंत, मुलांनी तपमान वहीत टिपावे. वेष्टणाखेरीज दुसरा कोणताही भेद राहू देऊ नये. नाहीतर फरक कशामुळे पडला, हे कळणारच नाही.

नुसत्या डब्यातील पाणी सर्वांत लवकर निवते. वेष्टणाच्या धाग्यांत व घड्यांत अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते. तीच उष्णतेची वाट अडविते. पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते. म्हणूनच ओली घोंगडी कुचकामी ठरते. १८९२ साली जेम्स ड्यूअर यांनी पात्राच्या दुहेरी भिंतींमधील हवाही काढून घेतली. आजचा थर्मास त्याच तत्त्वावर चालतो. बर्फ लाकडाच्या भुशात का ठेवितात, हा प्रश्न यानंतर विचारावा. उष्णता आत येण्याची वाटही तोच अडसर अडवितो, हे मुले आपण होऊन सांगतील.

कधी कागद घोंगडीवर मात करील. अशा वेळी मुलाचा आकडा खोडून पुस्तकातील उत्तर फळ्यावर लिहिण्याचा मोह शिक्षकास होतो. तो त्याने आवरावा. झाकण सैल होते काय, घोंगडी दमट होती काय, ती फार आवळली गेली काय, हे मुलांसह तपासावे व प्रयोग पुन्हा करावा. खोडलेल्या आकड्याबरोबर मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवरील विश्वासही खोडला जातो. तो पुन्हा लिहिणे फार कठीण असते.