कापसाचा भाव कोठें ठरतो?

(बाजारच्या दिवशीं चावडीपुढें एका प्राथमिक शिक्षकानें केलेल्या भाषणाचा मजकूर.)



बाजार आटोपून तुम्ही थांबलांत, म्हणून फार वेळ घेत नाहीं. एकदां एका बाईनें आम्हांस विचारिलें, "गुरुजी, पाऊस आमच्या शिवारांत पडला, बोंडअळी आमच्या शिवारांत आली, मग भाव अमेरिकेमुळें पडला असें व्यापारी कां म्हणतो?" व्यापारी अगदींच खोटें बोलत नव्हता.

हा प्रकार जुना आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण यांच्यांत युद्ध जुंपलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं. इंग्लंडांतील गिरण्यांस लागणारा तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस त्याच बंदरांतून येत असे, आणि तो गुलामांच्या घामावर पिके. तो थांबतांच लिव्हरपूलचे व्यापारी खानदेश-वऱ्हाडाकडे वळले. भाव कित्येक पटींनीं चढला, मुंबईंत चांदीचा पूर आला. कोणा कुणब्यानें गाडीच्या चाकांस चांदीची धांव बसविली, अशा गोष्टी लोक सांगत. धांव बसविणारे किती होते कोण जाणे. त्या भावाच्या भरंवशावर कर्ज काढणारे मात्र पुष्कळ होते. सरकारनेंही तेच दिवस धरून कित्येक तालुक्यांत सारा वाढविला.

१८६५ च्या एप्रिलांत युद्ध संपलें. १ जुलै रोजीं मुंबईचा शेअरबाजार कोसळला. भाव उतरला, कर्ज उतरलें नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें लोक सावकारांच्या वह्या व रोखे जाळावयास उठले, आणि तें लोण नगरकडे गेलें. दंग्याचें कारण एकटा कापूस नव्हे, हें आम्ही कबूल करितों. परंतु चढत्या भावावर उभारलेलें कर्ज त्याच्या बुडाशीं होतें.

आपण तरी शहाणे झालों काय? २०२१-२२ च्या हंगामांत कापूस क्विंटलमागें दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षीं तोच भाव येईल म्हणून आम्हींच घरांत कापूस भरून ठेविला. शाळेंत मुलांस आलेख शिकविणारे आम्ही! माजघरांत पाय ठेवावयास जागा नाहीं, अंगाला खाज, कापूस पिवळा पडूं लागला, आणि अखेर पहिल्या दिवशीं मिळत होता त्याहून कमी भावानें तो विकला. घरांतल्या मंडळींनीं जें ऐकविलें तें येथें सांगत नाहीं.

भावाचा कांटा हातांत धरणारे मात्र बदलत गेले. आधीं तो लिव्हरपुलांत होता. १८७० सालीं समुद्राखालून तार मुंबईस आली, तेव्हां तेथला भाव लवकर कळूं लागला. कळला तो व्यापाऱ्यास. पुढें इंग्लंडच्या गिरण्या बसल्या आणि कांटा न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांत गेला. २००१ च्या डिसेंबरांत चीन जागतिक व्यापार संघटनेंत शिरला व जगाचें कापड विणूं लागला. चीन गोदामें भरतो कीं रिकामीं करतो, यावर न्यूयॉर्कचा भाव हालूं लागला. २०१८ सालीं अमेरिका व चीन यांचें जकातीवरून भांडण झालें. चीननें अमेरिकेच्या कापसावर २५ टक्के जादा जकात बसविली. लाभ झाला ब्राझीलचा. २०२३-२४ च्या हंगामांत कापूस बाहेर धाडण्यांत ब्राझीलनें अमेरिकेस मागें टाकिलें.

मग २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनें आपल्याकडील कपड्यांसह पुष्कळ मालावर एकंदर ५० टक्के जादा जकात लादली. तिरुपूरचे कारखानदार घाबरले. त्यांस स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून आपल्या सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के जकात १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेर उठविली. त्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. आपल्या बाजारांत व्यापारी त्याहून खालीं मागत. तिरुपूरची शिवणारी बाई आपलीच आहे, तिची रोजी टिकावी. पण भांडण दोन सरकारांचें, आणि तूट कोणाच्या पदरांतून भरावयाची हें कोणी आपणांस विचारिलें नाहीं.

ब्राझीलच्या कापूसवाल्यांनीं काय केलें तें ऐका. अमेरिका आपल्या शेतकऱ्यांस अनुदान देते, त्यामुळें जगाचा भाव पडतो, अशी फिर्याद त्यांच्या सरकारनें २००२ सालीं जागतिक व्यापार संघटनेंत केली. उत्पादकांचा संघ पाठीशीं उभा राहिला. ब्राझील जिंकला. पुढें २०१० सालीं अमेरिकेनें ब्राझीलच्या कापूस संस्थेस वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचें मान्य केलें, आणि २०१४ सालीं ३० कोटी डॉलर देऊन तंटा मिटविला. २००३ सालीं आफ्रिकेंतील बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली यांनींही तेंच गाऱ्हाणें मांडलें होतें. त्यांच्या हातीं असें कांहीं पडलें नाहीं. गाऱ्हाणें एकच, पण एकाजवळ वकील, आंकडे व पैसा होता, दुसऱ्याजवळ नव्हता.

आपल्याजवळ वकील नाहींत. आंकडे तरी जमवूं. येत्या बुधवारपासून शाळेबाहेरच्या फळ्यावर आम्ही तीन भाव लिहूं : न्यूयॉर्कचा, हमीभाव आणि आपल्या बाजाराचा. न्यूयॉर्कचा भाव पौंडाला सेंटांत असतो, आपल्याकडे रुईची खंडी ३५६ किलोंची, आणि तुम्ही विकतां तो सरकीसकट कापूस. हा हिशेब अवघड नाहीं, त्रैराशिक येणाऱ्या पोरास जमतो. ज्यांस शिकावयाचा असेल त्यांनीं दिवेलागणीनंतर वही घेऊन यावें. बायांनीं अवश्य यावें, कारण वेचणी त्यांचीच असते. आणि येतांना गेल्या दोन हंगामांच्या विक्रीच्या पावत्या आणाव्या. फाटक्या असल्या तरी चालतील.