यंत्राचा इशारा आणि माणसाचा विवेक
(सुवर्णमहोत्सवी युवक मेळाव्यातील व्याख्यान)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात नव्या पिढीच्या उपजीविकेविषयी बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आजचा विषय आहे कंपन्यांमधील संगणक-सुरक्षेचे काम आणि त्यात आलेली कृत्रिम बुद्धिमत्ता.

आपला समाज पेढीवर वाढला. दिवसाची कीर्द जुळल्याशिवाय आपले वाडवडील दुकान वाढवीत नसत. संगणकही अशीच कीर्द ठेवतो. तिला 'लॉग' म्हणतात. कोण, केव्हा, कोठून आत आला आणि त्याने काय उघडले, याची नोंद तीत असते. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशानुसार या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले, हे स्मरले की या दक्षतेचे मोल कळते.

मोठ्या कंपन्यांत यासाठी 'सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटर' असते, म्हणजे अहोरात्र चालणारा पहारा-कक्ष. तेथे येणारे असंख्य इशारे चाळणे, हे नवशिक्या विश्लेषकाचे पहिले काम. आज इशाऱ्यांची प्रतवारी करणे, विखुरलेल्या नोंदी जोडणे, अहवालाचा मसुदा लिहिणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. मायक्रोसॉफ्टचे 'सिक्युरिटी कोपायलट' हे असेच साधन एप्रिल २०२४ पासून सर्वत्र उपलब्ध झाले. तेव्हा पालकांची चिंता रास्त आहे : पहिली पायरीच यंत्राने घेतली, तर आमच्या मुलांनी चढावे कोठून?

माझे उत्तर असे, की इशारा देणे यंत्राचे काम आहे, निर्णय माणसाचा आहे. अमेरिकेतील 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीतून २०१३ साली सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीस गेली. यंत्रणेने इशारा दिला होता. बंगळूरच्या पथकाने तो मुख्यालयास कळविलाही होता. वेळेवर कृती मात्र झाली नाही.

याची दुसरी बाजूही पाहा. लेखा विभागातील एखादा कर्मचारी मध्यरात्री परगावाहून शेकडो फाइली उघडतो. यंत्र त्यास संशयित ठरविते. कदाचित तो चोर असेल. कदाचित लेखापरीक्षणाची मुदत संपत आली असेल. येथे आपला अनेकान्त उपयोगी पडतो. यंत्राच्या विधानामागे 'स्यात्' हे पद मनातल्या मनात जोडावे आणि विचारावे, 'हे कोणत्या नोंदीवरून? दुसरा अर्थ संभवतो काय?' पुराव्याविना निरपराध माणसावर ठपका ठेवणे, हीदेखील हिंसाच होय.

म्हणून युवकांनो, प्रथम नेटवर्क, लिनक्स आणि लॉग-वाचन स्वतः शिका. साधन त्यानंतर हाती घ्या. ज्याला कीर्द वाचता येत नाही, त्याला मुनीमाची चूक कशी दिसणार? कंपनीची गोपनीय माहिती फुकट मिळणाऱ्या साधनात कधीही टाकू नका. सोपविलेल्या ठेवीचा तो अपहार ठरेल. स्वच्छ, नेमका अहवाल लिहिण्याचा सराव करा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनीही संकोचू नये. हिशेबातील विसंगती हेरणारी नजर येथे मोलाची ठरते.

विश्वस्तांना नम्र विनंती, की शैक्षणिक साहाय्य देताना अशा अभ्यासक्रमांचाही विचार व्हावा. सचोटीवर आपल्या पूर्वजांनी पेढीची पत उभी केली. ज्याच्या हाती इतरांच्या कुलपांच्या किल्ल्या असतात, त्याच्याकडून जग आजही तीच सचोटी मागते. ती आपल्या मुलांच्या ठायी सदैव राहो, हीच वीतराग प्रभूंच्या चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!