इंग्रजी हवीच, पण कशाच्या बदल्यात?
(वार्षिक समारंभातील भाषण)



जून महिना आला की पालक एकच प्रश्न विचारतात : "सर, मुलाला इंग्रजी माध्यमात घालू का?" या प्रश्नामागे उमेद आहे, तशी एक जुनी भीतीही आहे. ती भीती आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातून आली आहे.

निजामाच्या राज्यात येथील बहुसंख्य लोक मराठी बोलत. कचेरीचा कारभार मात्र उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून मिळे, आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय असे. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९६४ च्या कायद्याने मराठी महाराष्ट्राची राजभाषा झाली. उर्दूत शिकलेल्या पिढीच्या विद्येला कचेरीत किंमत उरली नाही. आपल्या मुलांवर तशी पाळी येऊ नये, म्हणून आपण इंग्रजीकडे धावतो.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही पाहा. त्या काळी मराठी शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. लोकांची भाषा दूर सारणारा कारभार लोकांना आपला वाटत नाही. पूर्व पाकिस्तानात बंगालीला डावलले गेले. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. धर्म एक असूनही १९७१ मध्ये देश दुभंगला. भारताने शहाणपणा केला. १९६३ च्या कायद्याने हिंदीबरोबर इंग्रजी चालू ठेवली. राज्यांनाही आपापल्या भाषांत कारभार करू दिला. अनेक भाषा बोलूनही आपण भारतीयच राहिलो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : इंग्रजी शिका, पण तिच्यासाठी घरची भाषा गहाण टाकू नका. आईला मुलाची वही वाचता येत नसेल, तर ती त्याचा अभ्यास कसा घेणार? न समजलेले पाठ करणे ही तालीम नव्हे. २००० सालापासून राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. ती नीट शिकवली जावी, असा आग्रह शाळेकडे धरा. तो तुमचा हक्क आहे.

उर्दू माध्यमातील मुलांनो, मराठीत कच्चे राहू नका. तहसील, न्यायालय, बाजार, शेजार, सर्वत्र तीच उपयोगी पडते, आणि ती आपलीही भाषा आहे. मराठी माध्यमातील मुलांनो, घरी उर्दू लिपी शिका. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरे उघडली, तेव्हा मोडीबरोबर उर्दू वाचणाऱ्यांचीही गरज पडली. जी विद्या निरुपयोगी ठरली होती, तिनेच शेजाऱ्याचे काम केले! अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या उर्दू फलकाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले की, भाषा म्हणजे धर्म नव्हे.

पालकहो, आज घरी गेल्यावर मुलाला एक धडा वाचायला सांगा आणि त्याचा अर्थ घरच्या भाषेत विचारा. तो सांगू शकला, तर त्याचा पाया पक्का आहे. त्या पायावर इंग्रजीचा मजला निर्धास्त चढवा.