नकाशात नसलेलं पाणी

(नभोवाणीवरील भाषण)



पाणथळ जागा म्हटलं की आपल्याकडे आधी पक्षी आठवतात. नांदूर मधमेश्वर, ठाण्याची खाडी, गोव्यातलं नंदा तळं ही नावं आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली, त्यात पक्ष्यांचा वाटा मोठा. हिवाळ्यात तिथे सहली जातात, दुर्बिणी निघतात, रोहित पक्ष्यांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ज्या प्राण्याचं बालपणच पाण्यात जातं, त्या बेडकाच्या आपल्याकडच्या कितीतरी जाती या मोठ्या पाण्यांच्या वाटेला फारशा जात नाहीत. त्यांचं पाणथळ वीतभर असतं, हातभर असतं, फार तर भाताच्या खाचराएवढं. आज त्या लहान पाण्यापाशी जाऊ या.

मोठ्या, बारमाही पाण्यात मासे असतात, हे यामागचं साधं कारण. बेडकाच्या अंड्यांना कवच नसतं. माशाला तो आयता घास. अंड्यांतून निघालेली शेपटीवाली पिल्लं, म्हणजे टॅडपोल, पहिले एक-दोन दिवस धड पोहूही शकत नाहीत. म्हणून बेडूक असं पाणी शोधतो, जे वैशाखात नव्हतं आणि दिवाळीला असणार नाही. रस्त्याकडेचा चर, चिऱ्याची जुनी खाण, सड्यावरचा खळगा, गुरांच्या खुरांच्या ठशांत साठलेलं पाणीसुद्धा. तिथे मासा पोचत नाही. चतुराच्या अळ्या आणि पाणविंचू पोचतात, पण तो त्रास माशापेक्षा कमी. मात्र माशाची भीती गेली की दुसरी भीती येते, पाणी आटण्याची. या दोन भीतींच्या मधल्या जागेत आपल्या बेडकांचं सगळं कुटुंबजीवन बसवलेलं आहे.

आषाढात, लावणी होऊन आठ-दहा दिवस झालेल्या खाचराच्या बांधावर बसा. पाणी निवळलेलं हवं. चिखलणी नुकतीच झाली असेल तर काही दिसणार नाही. पहिल्यांदा काठालगत काळ्या ठिपक्यांचा एक थवा हलताना दिसेल. ही भेकाची पिल्लं. भेक म्हणजे आपल्या अंगणात दिव्याखाली किडे टिपायला येणारा, खरखरीत कातडीचा. त्याची अंडी लांब चिकट दोऱ्यांत ओवलेली असतात आणि पिल्लं कायम घोळक्याने राहतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्रा. सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पिल्लांवर प्रयोग केले. एका टोकाला सख्खी भावंडं, दुसऱ्या टोकाला परकी पिल्लं आणि मध्ये सोडलेलं एक पिल्लू, अशी मांडणी. पिल्लू भावंडांच्या बाजूला जास्त वेळ काढतं. डोक्याऐवजी शेपूटच मोठं दिसणारा हा जीव आपलं घर ओळखतो!

थव्यावरून नजर जरा आत न्या. पाण्याच्या मधल्या थरात काहीतरी लुकलुकतं, पण धड दिसत नाही. तिथे मायक्रोहायलाची पिल्लं असतात. मायक्रोहायला म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा, पाठीवर नक्षी असलेला बेडूक. पावसाच्या रात्री आकाराच्या मानाने भलताच मोठा आवाज काढतो. त्याची पिल्लं काचेइतकी पारदर्शक. दोन डोळे आणि आतलं पोट तेवढं दिसतं, बाकी शरीर पाण्यात विरून जातं. ती जागच्या जागी तरंगत राहतात, शेपटीचं बारीक टोक तेवढं थरथरतं. त्यांना दात नाहीत. तोंडाने पाणी आत घ्यायचं, त्यातले सूक्ष्म जीव गाळून ठेवायचे आणि पाणी बाहेर सोडायचं, एवढंच काम.

तळाशी, चिखलाच्याच रंगाची, शेतातल्या लहान बेडकांची पिल्लं असतात. त्यांचं तोंड खालच्या बाजूला. भिंगातून पाहिलं तर तोंडाभोवती केराटिनच्या, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याच्या, बारीक दातांच्या ओळी दिसतात. वर किती ओळी, खाली किती, कुठली मध्ये तुटलेली, यावरून अभ्यासक जात ओळखायला मदत घेतात. शेवाळ खरवडून खाणाऱ्या या पिल्लांचं आतडं फार लांब असतं. पोटाच्या कातडीतून ते चकलीसारखं वेटोळं चक्क दिसतं. पालापाचोळा नि शेवाळ पचवायचं म्हणजे एवढी लांबी हवीच.

आणि एखादं पिल्लू या सगळ्यांपेक्षा मोठं, दणकट, तोंड पुढे असलेलं दिसलं, तर ते मोठ्या बेडकाचं समजावं. पहिल्या दमदार पावसात जो हळदीसारखा पिवळा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवून डराव डराव करतो, तोच तो. त्याची पिल्लं शिकारी. भेकाची, मायक्रोहायलाची, इतकंच काय, आपल्या जातीची पिल्लंही खातात. खाचरात मासा नाही म्हणून सगळे निर्धास्त, असं मघाशी मी म्हणालो नाही ते याचसाठी.

थोडक्यात, चार बोटं खोल पाण्यात काठ एकाचा, मधला थर दुसऱ्याचा, तळ तिसऱ्याचा, आणि या सगळ्यांतून फिरणारा एक दांडगा. वर बांधावरच्या झुडपाला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला असेल तर पाचवाही आहे. तो झाडबेडकाचा. मादी स्राव घुसळून फेस करते आणि अंडी त्यात ठेवते. बाहेरून फेस सुकतो, आत ओल राहते. पिल्लं तयार झाली की पावसाने फेस विरघळतो आणि ती टपाटप खाली पाण्यात पडतात. या पिल्लांच्या नाकाच्या टोकावर एक चकचकीत पांढरा ठिपका असतो. तेवढ्या खुणेवर ती वरूनही ओळखता येतात.

आता घाईची गोष्ट. पावसाळी डबक्यातल्या पिल्लांना साधारण तीन आठवड्यांपासून दीड महिन्यापर्यंत मुदत मिळते. तेवढ्यात पाय फुटायचे, कल्ले जाऊन फुप्फुसं कामाला लागायची, लांबलचक आतडं आखडून मांसाहाराजोगतं व्हायचं, तोंड रुंद व्हायचं आणि शेपूट आत जिरायचं. शेपूट गळून पडत नाही. शरीर ते मोडून वापरून टाकतं, त्या दिवसांत पिल्लू जवळजवळ काही खातच नाही. हे सगळं कोण चालवतं, याचा पत्ता १९१२ साली लागला. गुडरनाच या संशोधकाने टॅडपोलांना इतर प्राण्यांच्या निरनिराळ्या ग्रंथी खायला घातल्या. घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाल्लेली पिल्लं वेळेआधीच चिमुकले बेडूक झाली. आपल्याकडे ज्या थायरॉइडच्या गोळ्या सकाळी उपाशीपोटी घेतल्या जातात, त्याच संप्रेरकाची ही करामत.

डबकं आटायला लागलं की अनेक जातींची पिल्लं हा वेग आणखी वाढवतात. पाणी कमी झालं, गर्दी वाढली, की शरीरातली ताणाची संप्रेरकं थायरॉइडला ढोसतात. त्याची किंमत मोजावी लागते. लवकर बाहेर पडलेला बेडूक लहान राहतो, आणि लहान बेडकाला पुढे जगणं अवघड जातं. आठवडाभर पावसाने दडी मारली तर खळग्यात वाळलेल्या पिल्लांचा काळा थर उरतो. कोकणात राहणाऱ्यांनी तो पाहिला असेल.

कोकणावरून सड्यावर येऊ. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. उन्हाळ्यात त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि सरकारदरबारी त्याची नोंद बहुधा पडीक म्हणून. अलीकडे कातळशिल्पांमुळे सडे बातम्यांत आले हे बरं झालं. पण अशाच कातळाच्या खळग्यांत आंबोलीचा भेक आपली अंडी घालतो. अंगाच्या कडांवर पिवळे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात वाघ आला: झँथोफ्रायनी टायगेरिना. २००९ साली अभ्यासक बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जगापुढे आणला, आणि त्याच्यासाठी झँथोफ्रायनी हा नवा वंशच करावा लागला. या वंशात दोनच जाती. दुसरा कोयनेचा भेक, ज्याचं वर्णन सोमण यांनी १९६३ सालीच केलं होतं. दोन्ही फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत सापडतात, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आंबोलीचा भेक आज 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे.

पहिल्या सरी आल्या की हे भेक कातळावर गोळा होतात आणि थोड्याच दिवसांत विणीचं काम उरकून टाकतात. ज्या खळग्यात त्यांची पिल्लं वाढतात तो कधी कधी आपल्या तळहाताने झाकता येईल एवढाच असतो. त्यात माती नाही, झुडूप नाही, सावली नाही. आंबोलीत पाऊस प्रचंड, पण कातळ पाणी धरून ठेवत नाही. ढग हटले की खळग्यातलं पाणी तासाभरात कोमट होतं. मला स्वतःला वाघापेक्षा या जनावराचं धाडस मोठं वाटतं.

काही जातींनी या पाण्याच्या जुगारातून अंगच काढून घेतलं आहे. सह्याद्रीतले झुडूपबेडूक ओल्या पाचोळ्यात किंवा पानांवर अंडी घालतात आणि अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. टॅडपोल ही अवस्थाच नाही. ओढ्याकाठच्या रातबेडकाची मादी वाहत्या पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडी ठेवते. केरळच्या घाटांत एक जांभळा, फुगीर, जमिनीत राहणारा बेडूक आहे. त्याची धबधब्याच्या खडकाला चिकटून राहणारी पिल्लं प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच पाहिली, नोंदवली. ती कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. प्रौढ बेडकाचं वर्णन झालं ते २००३ साली. पोरं ऐंशीहून अधिक वर्षं सरकारी नोंदीत, आई-बाप बेपत्ता!

आता कायद्याकडे वळतो, कारण माझं मुख्य म्हणणं तिथे आहे. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने २०११ मध्ये देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह काढला. काम उत्तम. त्यात सव्वादोन हेक्टरांवरच्या जागा, दोन लाखांहून थोड्या अधिक, आकारासह रेखल्या आहेत. त्याहून लहान साडेपाच लाखांवर जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या. सव्वादोन हेक्टर म्हणजे साडेपाच एकर. आंबोलीच्या भेकाचा खळगा या हिशेबात ठिपकाही होत नाही. पुढे २०१७ चे पाणथळ नियम आले. त्यांच्या व्याख्येतून भातशेती वगळली, सिंचनासाठी बांधलेली तळी वगळली. शेतकऱ्याला प्रत्येक बांधासाठी परवानगी मागत हिंडवू नये, हे मला मान्य आहे. पण व्याख्येतून सुटलेल्या पाण्याचा वाली दुसरा कोणी नेमलेला नाही, हे मान्य नाही.

परिणाम डोळ्यांपुढे आहेत. सड्यावर सुरुंग लावायचे, बाहेरून माती आणून ओतायची आणि आंब्या-काजूची कलमं लावायची, हे आता गावोगाव चालतं. खळगे पहिल्या दिवशीच बुजतात. खाचरांत बेणणीला माणूस मिळत नाही म्हणून तणनाशक आलं. अमेरिकेत रिक रेलिया यांनी २००५ साली ग्लायफोसेट असलेल्या तणनाशकाचा प्रयोग केला, तेव्हा हौदांतली जवळजवळ सगळी टॅडपोल तीन आठवड्यांत मेली. त्यात खरा दोष औषध पानाला चिकटावं म्हणून मिसळलेल्या साबणासारख्या द्रव्याचा होता. बाटलीवर हे ठळक लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही. शिवाय माणसाची जीभ. मोठ्या बेडकाच्या तंगड्यांची परदेशी निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. तरी गोव्यात 'जंपिंग चिकन' या नावाखाली तो पहिल्या पावसात पकडला जातो. हा गुन्हा आहे. वनखात्याची माणसं नि प्राणिमित्र जूनच्या रात्री गस्त घालतात, पण विणीला आलेली मादी ताटात गेली की तिच्या हजारो अंड्यांचा हिशेब तिथेच संपतो.

जगभरच्या आठ हजारांवर उभयचर जातींचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पक्षी किंवा सस्तन प्राण्यांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त. मोठी अभयारण्यं आपण यापुढेही करू, करावीतच. पण ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत सड्यावरचे खळगे, गावातली चिऱ्याची जुनी खाण आणि पावसाळी डबकी नावानिशी लिहायला कुठल्याही मंत्रालयाची वाट पाहावी लागत नाही. ती नोंदवही कायद्याने गावाचीच आहे.

आणि आपल्यापुरतं सांगायचं तर दोन गोष्टी. पहिल्या पावसाच्या रात्री आंबोली, चौकुळच्या रस्त्याने जाणार असाल तर गाडी हळू हाका; डांबरावर बसलेला भेक दिव्यांच्या झोतात हलत नाही. दुसरं, डासांच्या धास्तीने परसातलं डबकं बुजवण्याआधी एकदा वाकून पाहा. डेंग्यूचा डास टाकीत, टायरांत, कुंडीखालच्या बशीत वाढतो. ती साफ कराच. पण डबक्यात शेपट्या हलत असतील, तर फावडं खाली ठेवा आणि महिना-दीड महिना थांबा.